कार्ले की भाजे?

लोणावळ्याजवळच्या मळवली स्टेशनच्या एका अंगाला कार्ल्याची बौद्ध लेणी, दुसऱ्या अंगाला भाज्याची. एकच सकाळ हाताशी असेल तर कुठे जायचं?

भव्यता हवी असेल तर कार्ले. इथला चैत्य, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, देशातला सर्वांत मोठा कोरीव चैत्य मानतात. लांबी सुमारे ४५ मीटर, उंची १४. छताला लावलेल्या लाकडी कमानी जवळपास दोन हजार वर्षांच्या, अजून जागेवर. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावले की मान आपोआप वर जाते. खांबांवर दात्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत चक्क यवनही, म्हणजे ग्रीक. दाराशीच एकवीरा आई, म्हणून कोळी-आगरी भाविकांची रीघ, नारळ-फुलांची दुकानं. रविवारी गेलात तर पायऱ्यांवर अक्षरशः मुंगीच्या पावलांनी चढावं लागतं.

भाजे त्याहून जुनं, इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातलं. चैत्य लहान, पण खांब नीट बघा: आतल्या बाजूला कललेले! लाकडी बांधकामात छताचा भार पेलायला खांब तिरपे ठेवत. कारागिरांनी ती सवय दगडातही तशीच ठेवली, गरज नसताना. पुढचा लाकडी दर्शनी भाग गेल्यामुळे उजेड थेट स्तूपापर्यंत पोचतो. थोडं पुढे चौदा स्तूपांचा घोळका आहे. गर्दी बेताची, पावसाळ्यात मात्र धबधब्याच्या नादाने तीही वाढते.

माझं मत भाज्याला. आईचं दर्शनही घ्यायचं असेल तर अर्थात कार्लेच.