मेंदी आणि इंडिगो, दोन टप्प्यांत: बोअरच्या पाण्यावर काही महिने वापरल्यानंतर

पांढरे केस झाकण्यासाठी आधी साधी मेंदी आणि मग इंडिगो, म्हणजे निळीच्या पानांची पावडर, ही पद्धत उन्हाळा, पावसाळा आणि थंडी अशा तिन्ही ऋतूंत वापरून झाल्यावर हे लिहितो आहोत. रंग नैसर्गिक दिसतो, टाळूची आग होत नाही, केस जाड वाटतात. वेळ मात्र अख्खा दिवस जातो. आणि मराठवाड्यात राहणाऱ्यांसाठी महत्त्वाची गोष्ट पाकिटावर लिहिलेली नसते: पावडर चांगली असूनही रंग बिघडला, तर आधी पाण्याकडे बघावं.

लातूर, बीड, जालना, परभणी, कुठेही बोअरचं पाणी म्हटलं की बादलीच्या कडेला पांढरा थर आलाच. तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार. मेंदीतला रंग, लॉसोन, किंचित आंबट पाण्यात नीट सुटतो. या जड पाण्याने तो आंबटपणाच मारला जातो आणि रंग फिका बसतो. म्हणून भिजवायला जारचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या. खांद्यापर्यंतच्या केसांना १०० ग्रॅम मेंदी, पाव लिटरच्या आसपास पाणी आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस पुरतो. लिंबू जास्त पिळलं की टाळूला खाज सुटते आणि केस राठ होतात. भिजवून घट्ट दह्याइतकी झाली पाहिजे.

लोखंडी कढईत मेंदी भिजवायची आपल्याकडची रीत सोडून द्या. लोखंड आणि चहापत्ती यांच्या संयोगाने केस काळपट दिसतात हे खरं, पण लोहाचा अंश केसावर राहतो आणि पुढे कधी पेरॉक्साइड घालून लावायचा रासायनिक रंग लावला तर लोहाची पेरॉक्साइडशी रासायनिक क्रिया होते. काच, चिनी माती, प्लास्टिक किंवा स्टील चालतं.

भिजवायचा वेळ ऋतूवर आहे. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो तेव्हा झाकून ठेवलेली मेंदी दोन-तीन तासांत तयार होते, त्याहून जास्त ठेवली तर रंग उतरायला लागतो. डिसेंबरात रात्रभर ठेवावी लागते. वरचा थर तपकिरी आणि आतली हिरवी दिसली की समजा तयार आहे.

आदल्या दिवशी केस शिकेकाईने किंवा शाम्पूने धुवा, कंडिशनर नको, तेल तर अजिबात नको. तेलाच्या थरावर रंग धरत नाही. अर्ध्या इंचाचे भांग पाडत लावा आणि सुरुवात कानशिलांपासून करा. तिथले पांढरे केस चिवट असतात, त्यांना लेप जाड आणि वेळ जास्त हवा. वरून प्लास्टिकची टोपी घालाच. आपल्याकडच्या कोरड्या हवेत लेप तासाभरात सुकतो आणि सुकलेली मेंदी रंग देत नाही, नुसती केस ओढते. दोन ते तीन तास ठेवा. पांढरा केस इथे केशरी झाला पाहिजे. इथे घाई केली तर पुढचा इंडिगो निळसर-हिरवट दिसतो.

टँकरच्या दिवसांत मेंदी धुवायची तर डोक्यावर थेट पाणी ओतू नका. टबात अर्धी बादली पाणी घेऊन त्यात केस बुडवा, बोटांनी लेप सोडवा, मोठ्या दातांच्या कंगव्याने काढा, मग वरून एक बादली. एवढ्यात काम होतं. ते गढूळ पाणी संडासात ओतायला उपयोगी पडतं. मोरीच्या जाळीवर मात्र फडकं टाका, मेंदीचा चोथा पाइपात बसला की निघत नाही.

आता इंडिगो, आणि चुका खऱ्या इथे होतात. ही पावडर बरीचशी तमिळनाडूकडून येते. रंग हिरवट असतो. तिला रात्रभर भिजवायचं नसतं, लिंबू-दही घालायचं नसतं. पानातलं विकर (एन्झाइम) पाण्यात काम करून रंगाचा पूर्वरूप पदार्थ सोडतं, आणि तो हवेशी भिडून निळा होतो. उकळतं पाणी घातलं की विकरच मरतं. हाताला कोमट लागेल इतकंच पाणी, १०० ग्रॅमला चिमूटभर मीठ, झाकून १० ते १५ मिनिटं. ओल्या हिरव्या चाऱ्याचा वास आणि वर निळसर साय दिसली की लगेच लावायला घ्या. पुढच्या वीसेक मिनिटांत जोर ओसरतो. लांब केस असतील तर ५०-५० ग्रॅम असं दोनदा भिजवा. हातमोजे हवेतच, नखं आठवडाभर निळी राहतात. ओल्या केसांवर तासभर ठेवलं तर गडद तपकिरी, दोन तास ठेवलं तर काळा. धुताना फक्त पाणी, शाम्पू दोन दिवस बंद.

धुतल्याबरोबर आरशात हिरवी झाक दिसते, त्याने घाबरू नका. दिवस-दोन दिवसांत ती काळी पडते.

किती टिकतो? मेंदी केराटिनला, म्हणजे केस ज्याचा बनतो त्या प्रथिनाला, घट्ट बांधली जाते, ती जात नाही. इंडिगो मात्र तितका घट्ट बसत नाही, तो हळूहळू उतरतो. जड पाणी, अंगाचा साबण डोक्याला लावायची सवय आणि शेतातलं ऊन, या तिन्हींनी तीन-चार आठवड्यांत लालसर झाक वर येते. उपाय: शाम्पूनंतर शेवटच्या तांब्याला लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर घालून केसांवरून सोडा, म्हणजे क्षाराचा थर निघतो. रंग लावल्यावर पहिले चार दिवस हे नको. मुळं साधारण महिन्याला एक सेंटीमीटर वाढतात, तेव्हा दर पाच आठवड्यांनी मुळांपुरती ३० ते ४० ग्रॅम मेंदी पुरते. दरवेळी टोकापर्यंत लावलं तर टोकं कोरडी आणि कोळशागत काळी होतात.

आता सुरक्षिततेचं. बाजारात, आठवडी बाजारातसुद्धा, ‘काळी मेंदी’ म्हणून सुटी पुडी मिळते. खरी मेंदी एकटी काळा रंग देत नाही, कधीच नाही. अर्ध्या तासात काळं करणाऱ्या पावडरीत पीपीडी, म्हणजे पॅरा-फिनिलीनडायअमाइन हे केस काळे करणारं रसायन, असतं असंच धरा. काहींना त्याने पापण्या सुजतात, टाळूवर पाणीदार फोड येतात, आणि एकदा ॲलर्जी जडली की ती आयुष्यभर राहते. पाकिटावर ‘आधी चाचणी करा, भुवया-पापण्यांना लावू नका’ असा इशारा असेल तर ती साधी मेंदी नव्हे. ‘अमोनिया नाही’ एवढ्यावरही जाऊ नका. अमोनिया काढला म्हणजे पीपीडी गेलं असं नसतं. पीपीडी पोटात गेलं तर प्राणघातक ठरू शकतं, घशाला सूज येते, मूत्रपिंडं निकामी होतात. अशी पुडी घरात असेल तर लेकरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. चेहरा सुजला किंवा श्वास अडकला तर घरगुती उपाय न करता थेट सरकारी दवाखाना गाठा.

मेंदी-इंडिगोचीही चाचणी करायचीच: कानामागे थोडा लेप, ४८ तास वाट. जी६पीडी या तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांनी मेंदी टाळावी, तिने रक्तपेशी फुटू शकतात.

केस उजळ करायचे असतील तर ही पद्धत तुमच्यासाठी नाही. मेंदीने केस फिके होत नाहीत, आणि इंडिगोवर ब्लीच मारलं की हिरवा-करडा रंग येतो तो काढता काढता केस तुटतात. कोणती पावडर लावली होती हेच माहीत नसेल तर कंगव्यातले थोडे केस घेऊन ६ टक्के पेरॉक्साइडमध्ये काचेच्या वाटीत अर्धा तास ठेवा, अमोनियाचे दोन-चार थेंब टाकून. बुडबुडे आले, वाटी तापली किंवा रंग अचानक बदलला तर केसांवर धातूचे क्षार आहेत, डोक्यावर ब्लीच नेऊ नका.

पावडर लागेल तेवढीच आणा. पावसाळ्यात दमट हवेने इंडिगो महिन्याभरात मंदावतो, हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवलेला बराच टिकतो. जुन्या पावडरीची शंका आली तर चमचाभर कोमट पाण्यात कालवा. पंधरा मिनिटांत निळी साय आली नाही तर केसांवर वाया घालवू नका.