जुन्या पिकअपची गेलेली ओढ आणि लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ओढ कमी होणे ही जुन्या पेट्रोल पिकअपची सर्वांत फसवी तक्रार आहे, कारण तिच्यामागे इंधन, हवा, ठिणगी, एक्झॉस्ट किंवा घसरणारा गिअरबॉक्स यांपैकी काहीही असू शकते आणि चेक इंजिनचा दिवा पेटेलच असे नाही. माझी गाडी रिकामी असताना सपाट रस्त्यावर ठीक चालत असे, परंतु माल भरल्यावर चढावर अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबूनही इंजिन जोर धरत नसे. या तक्रारीसाठी घेतलेला ओबीडी-२ स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडून बिघाडाचे कोड आणि सेन्सरचे चालू आकडे वाचणारे उपकरण) मी तेव्हापासून नियमित वापरत आहे.

कोड वाचणे हा या उपकरणाचा सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. त्याची खरी किंमत इंजिनावर भार असताना नोंदवलेल्या आकड्यांत आहे. उभ्या गाडीत जवळपास सगळे आकडे निरोगी दिसतात. म्हणून गाडी भरून, मागे वाहन नसलेल्या लांब चढावर पूर्ण थ्रॉटल देऊन नोंद घ्यावी आणि ती गाडी थांबवल्यावरच पाहावी.

पहिला आकडा इंजिनात शिरणाऱ्या हवेचा, म्हणजे एमएएफ सेन्सरचा. किती हवा अपेक्षित आहे, हे साध्या गणिताने काढता येते : इंजिनाची क्षमता लिटरमध्ये घेऊन तिला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे आणि १२० ने भागावे. ४ लिटरच्या इंजिनाला ३००० फेऱ्यांवर सेकंदाला १०० लिटर, म्हणजे समुद्रसपाटीजवळ साधारण १२० ग्रॅम हवा लागेल; प्रत्यक्षात जुने पण निरोगी इंजिन त्याच्या तीन-चतुर्थांशाहून थोडी अधिक हवा घेते. माझ्या गाडीत हा आकडा अपेक्षेच्या निम्म्याच्या आसपास अडकत होता.

येथे अनेक जण थेट एमएएफ सेन्सर किंवा फ्युएल पंप बदलतात, आणि नेमके याच वळणावर स्कॅनरने माझा खर्च वाचवला. पंप दुबळा असता किंवा मळलेला एमएएफ खरी हवा कमी दाखवत असता, तर पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण विरळ होऊन पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा (एक्झॉस्टमधील उरलेला ऑक्सिजन मोजणारा) व्होल्टेज ०.१ ते ०.२ च्या आसपास पडला असता. माझ्याकडे तो ०.९ च्या जवळ स्थिर होता आणि दीर्घकालीन फ्युएल ट्रिमही (संगणक इंधनात करत असलेली टक्केवारीतील वाढ-घट) शून्याच्या आसपास होता. याचा अर्थ शिरलेल्या हवेला पुरेसे इंधन मिळत होते. हवाच कमी शिरत होती. एअर फिल्टर तुंबला असता तर पूर्ण थ्रॉटलवर मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधील) दाब बाहेरच्या हवेपेक्षा स्पष्टपणे खाली राहिला असता, पण हा दाब मोजणारा एमएपी सेन्सर जवळजवळ वातावरणाइतकाच दाब दाखवत होता. (दोन्ही सेन्सर प्रत्येक गाडीत नसतात, माझ्या गाडीत आहेत, हे सुदैव.) इंजिनाच्या दारात हवा पुरेशी उभी होती आणि तरीही ती आत जात नव्हती, म्हणून संशय बाहेर पडण्याच्या वाटेवर आला.

एक्झॉस्टमधला दाब मात्र स्कॅनर दाखवू शकत नाही. त्यासाठी पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच छिद्रात प्रेशर गेज बसवावा लागला. २५०० फेऱ्यांवर तेथे सुमारे ३ पीएसआयपेक्षा अधिक दाब दिसणे अडथळ्याचे लक्षण मानले जाते, आणि आमचा काटा त्याच्या बराच वर गेला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (एक्झॉस्टमधील विषारी वायू कमी करणारा भाग) आतली जाळी वितळून बसली होती.

तेवढ्यावर काम थांबवले असते तर नवा कन्व्हर्टरही तसाच गेला असता. चौथ्या सिलिंडरच्या मिसफायरचा (इंधन नीट न पेटण्याचा) पी०३०४ हा कोड प्रलंबित, म्हणजे अजून पक्का न झालेल्या बिघाडांच्या, यादीत होता, आणि प्रलंबित कोडने दिवा पेटत नाही. भाराखाली दगा देणाऱ्या इग्निशन कॉइलमुळे न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत होते. कॉइल आणि कन्व्हर्टर दोन्ही बदलल्यावर त्याच चढावर, तेवढ्याच मालासह हवेचा आकडा अपेक्षेच्या जवळ आला आणि आजही तेथेच आहे. अशा तपासाआधी कोणी कोड पुसू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्यांच्यासोबत बिघाडाच्या क्षणी साठवलेले आकडेही नाहीसे होतात.

त्यानंतर मी फ्युएल ट्रिमवर लक्ष ठेवतो. मध्यंतरी तो आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू असताना) +१५ टक्क्यांपर्यंत चढला आणि फेऱ्या वाढवताच खाली येत होता; हे व्हॅक्यूम गळतीचे (फटीतून जादा हवा आत शिरण्याचे) नेहमीचे लक्षण आहे, आणि तडकलेली रबरी नळी लगेच सापडली.

उणिवाही सांगायला हव्यात. कॅन प्रणालीच्या (गाडीतील संगणकांना जोडणारे वेगवान जाळे) आधीच्या गाड्यांत माहिती फार हळू येते, त्यामुळे एका वेळी तीन-चारच आकडे निवडावेत, अन्यथा थ्रॉटल दाबल्याचा नेमका क्षण नोंदीतून निसटतो. शिवाय ओबीडी सॉकेटला इंजिन बंद असतानाही बॅटरीचा वीजपुरवठा चालू असतो. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर स्कॅनरचा अडॅप्टर काढूनच ठेवावा.