रेफ्यूजियम खाली सम्पमध्ये की टाकीच्या मागे टांगून?

ज्यांची खाऱ्या पाण्याची टाकी आधीच चालू आहे, पाणी खाली उतरवायला काचेला भोक नाही आणि आता रेफ्यूजियम (पाण्यातलं नायट्रेट शोषून घेणारं शेवाळ वाढवायचा वेगळा कप्पा) जोडायचं मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नवी टाकी बनवून घेत असाल तर फार विचार करू नका. भोक पाडूनच घ्या, खाली सम्प, म्हणजे टाकीखालच्या कपाटातली दुसरी टाकी, ठेवा आणि त्यातला मोठा कप्पा शेवाळाला द्या. पेच आहे तो भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचा. टाकी भरलेली, खडक स्थिरावलेले, मासे रुळलेले. आता ती रिकामी करून भोक पाडायला मन धजत नाही, आणि काच टफन्ड (तापवून कडक केलेली) असेल तर भोक पाडताच येत नाही.

अशा टाकीला दोन वाटा उरतात. एक, काठावर ओव्हरफ्लो बॉक्स लावून पाणी खाली सम्पमध्ये उतरवायचं; यात काठावरून वळवलेली यू-नळी सायफनने, म्हणजे भरलेल्या नळीतल्या ओढीने, पाणी बाहेर काढते. दुसरी, मागच्या काचेला डबा टांगायचा. छोटा पंप त्यात पाणी चढवतो आणि ते काठावरून आपोआप टाकीत परत पडतं. मी आधी पहिली वाट धरली होती, आता दुसरी धरली आहे.

सम्पची बाजू भक्कम आहे, हे आधी मान्य करतो. खालच्या कप्प्यात तीस-चाळीस लिटर पाणी सहज मावतं, टांगलेल्या डब्यात आठ-दहा. कीटोमॉर्फाचा, म्हणजे दोऱ्यांच्या गुंत्यासारख्या हिरव्या शेवाळाचा, गोळा सम्पमध्ये भरभरून वाढतो, तोडायची घाई नसते. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), हीटर सगळं कपाटात जातं. रात्री शेवाळावरचा दिवा चालू ठेवला, म्हणजे रात्रीची पीएचची घसरण कमी होते, तरी त्याचा गुलाबी उजेड हॉलभर पसरत नाही. डब्याचा उजेड मात्र थेट झोपलेल्या माशांवर पडतो. मागच्या काचेला काळी फिल्म लावल्याशिवाय गत्यंतर नाही.

एवढं असूनही मी सम्प काढला, तो विजेच्या लपंडावामुळे.

वीज गेली की सम्पमधलं पाणी वर टाकीत चढवणारा रिटर्न पंप थांबतो, थोडं पाणी खाली येतं, पातळ्या स्थिरावतात. इथवर ठीक. चांगल्या बॉक्समध्ये यू-नळी तेव्हाही भरलेली राहते आणि वीज आल्यावर प्रवाह पुन्हा सुरू होतो. पण नळीच्या कमानीत बुडबुडे साचत असतात. ते पुरेसे साचले की सायफन तुटतो. पंपाला त्याचा पत्ता नसतो. तो खालचं पाणी वर चढवत राहतो आणि वरून खाली काहीच उतरत नाही.

हिशोब करून बघा. ९० बाय ४५ सेंटिमीटरच्या टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे चार लिटर. काठापर्यंत तीन सेंटिमीटर जागा सोडली असेल तर मावणार बारा लिटर. सम्पच्या शेवटच्या, रिटर्न पंपाच्या कप्प्यात ३० बाय ३० चं तळ आणि २५ सेंटिमीटर पाणी असेल तर साडेबावीस लिटर. म्हणजे दहा लिटर खारं पाणी जमिनीवर, आणि खाली शेजाऱ्यांचं छत. तो कप्पा लहान करावा, हा उपाय बरोबर आहे. पण सम्पमध्ये बाष्पीभवनाची घट नेमकी त्याच कप्प्यात दिसते. मे महिन्यात छोट्या कप्प्याची पातळी दिवसभरात इतकी उतरते की पंप हवा ओढायला लागतो. मग आर.ओ. पाणी आपोआप भरणारं यंत्र आलं, त्याचा सेन्सर आला. बुडबुडे ओढायला वेगळा छोटा पंप लावतात, पण तोही विजेवरच चालतो.

पावसाळ्यात रात्री वीज येऊन-जाऊन असली की मी दर वेळी उठून यू-नळीवर टॉर्च मारायचो. बाहेरगावी जायचं म्हटलं की पहिला विचार त्या नळीचाच. मासे पाळायचे ते मनाला स्वस्थता मिळावी म्हणून, आणि मला नेमकी तीच मिळत नव्हती. ज्यांच्याकडे वीज सहसा जात नाही किंवा पंप इन्व्हर्टरवर आहे, त्यांना हा त्रास कदाचित जाणवणारही नाही.

डब्यात हा प्रश्न मुळातच नाही. पाणी चढवणाऱ्या नळीचं तोंड डब्यातल्या पाण्याच्या वर ठेवलं की वीज गेल्यावर उलटा सायफन होत नाही. डबा भरलेलाच राहतो, वीज आली की सगळं जिथल्या तिथे सुरू.

त्याचेही धोके आहेत. शेवाळाचा तुकडा परतीच्या जाळीत अडकला तर डबा मागच्या बाजूने वाहू शकतो. म्हणून पंपाचं पाणी ओढणारं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पृष्ठभागाखाली दोनेक सेंटिमीटरवरच ठेवा. काहीही झालं तरी तेवढंच पाणी बाहेर जाईल. पंप कोरडा पडू नये म्हणून रोज घटलेलं पाणी भरावं लागतं, पण पातळी समोरच दिसत असल्याने विसरायला होत नाही. पंपाचा स्पंज गाळाने भरतो, तो नियमित पिळून काढा.

डब्यात कॉलर्पा हे दुसरं हिरवं शेवाळ मात्र लावू नये असं माझं मत आहे. मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर ते छान दिसतं, पण बीजपेशी सोडायला लागलं की पाणी दुधाळ होतं, प्राणवायू घटतो, आणि छोट्या व्यवस्थेला ते झेपत नाही. कीटोमॉर्फात ही भीती फारशी नाही.

नायट्रेटच्या चाचणीत दोन्हींत किती फरक पडतो, याची वही मी ठेवलेली नाही. माझं मोजमाप समोरच्या काचेवर चढलेलं शेवाळ किती दिवसांनी पुसावं लागतं हे आहे. सम्प होता तेव्हा थोडं कमी पुसावं लागायचं, एवढंच. कोपेपॉडचं (शेवाळात वाढणारे, मासे खातात ते बारीक कवचधारी जीव) म्हणाल तर ते डब्यातून थेट टाकीत पडतात. सम्पमधले रिटर्न पंपातून जातात; त्यातले बरेच जगतात असा अनुभव आहे, पण रात्री टॉर्च लावल्यावर काचेवर मला डब्याच्या काळातच जास्त दिसले. अर्थात, केवळ या डब्याच्या भरवशावर मँडरिन मासा आणू नका. तो दिवसभर हे कोपेपॉड टिपत असतो. त्याला मोठी, जुनी, खडकांनी भरलेली टाकीच लागते.

डबा घ्यायचं ठरलं तर आधी टाकी आणि भिंत यांतलं अंतर मोजा. डबा, दिवा आणि शेवाळ काढायला हात, हे सगळं तिथे बसलं पाहिजे, आणि भरलेली टाकी नंतर सरकवता येत नाही. पाणी-वाळूसकट डब्याचं वजन बारा-तेरा किलोवर जातं, त्यामुळे काठाच्या जोडीला खालून आधारही द्या. मागचा प्लगबोर्ड आधी बाजूला हलवा, कारण शेवाळ काढताना खारं पाणी तिथेच ठिबकतं.