मैलांच्या डायलमागे किलोमीटरचं मशीन

जुन्या गाड्यांचे मीटर 'ओरिजिनल करून देतो' म्हणून एक जण घरी येऊन मीटर काढून नेतो. माझे साडेसतरा हजार गेले. पैशांचं एक वेळ सोडा, पण मूळ मीटरच्या पोटातलं सगळं गेलं. कुणाकडे जुनी गाडी असेल तर वाचा.

गाडी मॉरिस मायनर १०००, वडिलांच्या वेळची. या गाडीला डॅशबोर्डच्या मधोमध स्मिथ्स कंपनीचा एकच मोठा गोल मीटर असतो. वेग, मैल आणि खाली पेट्रोलचा काटा, सगळं त्यातच. आमच्या गाडीचा वेगाचा काटा थरथरायचा. जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या माणसाचा नंबर मिळाला. सोलापुरात होटगी रोडला आमच्या घरी आला, चहा घेतला, मीटरवर बोटानं टकटक केलं आणि म्हणाला, "काका, चुंबक मेलंय. आतलं सगळं करावं लागेल."

या मीटरमध्ये गिअरबॉक्सकडून येणारी फिरती केबल चुंबक फिरवते. चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची वाटी असते, ती न शिवता त्याच्याबरोबर ओढली जाते आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. वाटी जितकी ओढली जाईल तितका काटा चढतो. चुंबक कमजोर झालं तर काटा कमी वेग दाखवेल, थरथरणार नाही. थरथर बहुतेक वेळा कोरड्या किंवा मुरगळलेल्या केबलची असते, आणि केबल मीटरच्या बाहेर असते. हे मला आता सांगता येतं.

दुसरी भीती त्यानं आरटीओची घातली. "मीटर ओरिजिनल नसेल तर व्हिंटेज नंबर मिळत नाही, जुना नंबरही जातो." साफ खोटं. २०२१ च्या केंद्रीय नियमात पन्नास वर्षांवरच्या गाडीत चासी, बॉडी आणि इंजिन मोठा फेरफार न केलेलं हवं असं आहे. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो.

आठ हजार आगाऊ घेऊन गेला. मग सुरू झालं, रंग बाहेरून मागवलाय, कारागीर गावी गेलाय, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी आहे. (तो पुण्याचा. सिद्धेश्वराच्या यात्रेशी त्याचा काय संबंध?) शेवटी मीटर आला तो इतका देखणा की घरातले सगळे बघायला जमले. काच चकचकीत, काळी डायल, पांढरे शुभ्र आकडे, खालचे मैल आधी होते तेवढेच. उरलेले साडेनऊ हजार तिथेच दिले. पेट्रोलचा काटा हलत नव्हता. त्यावर "तो टाकीतल्या सेंडरचा दोष, माझं काम नाही." (सेंडर म्हणजे टाकीतलं पेट्रोल मोजून काट्याला कळवणारा भाग.)

खोटं उघडं पडलं मोहोळच्या रस्त्यावर. वेग फोनच्या जीपीएसशी जवळपास जुळत होता, आणि इथेच त्याची हुशारी. एकाच वेगाला या किलोमीटरच्या मीटरचा काटा मैलांच्या डायलवर मूळ काट्याएवढीच जवळजवळ कमान फिरतो, त्यामुळे वेग पटतो. अंतर मात्र पटत नाही. रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड आणि मीटरवरचे 'मैल' जवळजवळ जोडीनं चालले होते. खरं म्हणजे आठ किलोमीटरला पाचच मैल पडायला हवेत.

आमच्या ओळखीच्या म्हाताऱ्या मेस्त्रींनी मीटरच्या काचेभोवतीची रिंग उचलून आत बघितलं. "हे तर किलोमीटर मोजलालंय की ओ, मालक." बाहेरची डबी आमचीच, आत कुठल्यातरी देशी गाडीचं मशीन. डायल म्हणजे पत्र्यावर चिकटवलेला छापील कागद. भिंगातून बघितलं तर आकड्यांच्या कडा ठिपक्याठिपक्यांच्या दिसतात. पेट्रोलचा काटा चक्क चिकटवलेला. सेंडरची तार काढून बॉडीला टेकवली तर चांगला काटा कुठल्यातरी एका टोकाला जातोच, हा ढिम्म. मेस्त्रींनी केबल काढून साफ केली, ग्रीस भरलं आणि थरथर थांबली. दोनशे रुपये घेतले, तेही मी हातात कोंबले म्हणून.

फोन केला तर आधी "तुमचं मशीन आतून असंच होतं", नंतर नंबर ब्लॉक. यूपीआय खातं भलत्याच नावाचं, बिल नाही, पत्ता नाही. फसवणुकीचा अर्ज पोलिसांत दिलाय. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, पण नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवायची हा प्रश्न आहे.

डबीवर खूण करून ठेवायचा सल्ला बरेच जण देतात. आमची डबी तर खूण न करताही आमचीच परत आली! रिंग तुमच्यासमोर उघडायला लावा आणि आतल्या मशीनचे, डायलच्या मागच्या बाजूचे फोटो घ्या. डायलवर खाली बारीक अक्षरात चार आकडी संख्या असते, म्हणजे एका मैलाला केबलचे किती फेरे. ती लिहून घ्या. मीटर त्याच्याकडे सोडायची वेळ आलीच तर बिलावर पत्ता आणि हे सगळं लिहून सही घ्या. नाही म्हणाला तर मीटर परत गाडीत.

आमच्या मूळ डायलवर चाळीसच्या आकड्याखाली आडवा चरा आहे आणि शून्याजवळचा रंग नखाएवढा उडालाय. असा मायनरचा मीटर कुणी विकायला आणला तर घेऊ नका, त्याचा फोटो काढून जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर टाका. माझ्याकडे वडिलांनी काढलेला डॅशबोर्डचा जुना फोटो आहे, त्यात दोन्ही खुणा दिसतात.