२ जीबीची ‘सीलबंद’ एसडी कार्डं : दहातलं एक खरं

लहान विमानांतल्या गार्मिन जी१००० सारख्या नेव्हिगेशन डिस्प्लेवर जुनं सॉफ्टवेअर असेल तर त्याला साधंच एसडी कार्ड लागतं, म्हणजे जास्तीत जास्त २ जीबीचं. त्यापुढची एसडीएचसी कार्डं स्लॉटमध्ये बसतात, पण वाचली जात नाहीत. सोलापुरात नवी पेठ पालथी घातली तरी पुढ्यात ३२ जीबीच येतं. नेमक्या याच टंचाईवर काही जण धंदा करतात.

आमच्याकडे आधी नमुन्याचं एक कार्ड आलं. ते खरं होतं. मग ‘जुना स्टॉक, सील तसंच आहे’ म्हणून नऊ आली. त्यातली दोन ८ जीबीची, फक्त स्टिकर बदललेली. ती लगेच पकडली गेली. खरा घात उरलेल्या सातांनी केला. विंडोजमध्ये क्षमता बरोबर दिसली, फॅट१६ फॉरमॅट झालं, वरच्या स्लॉटमधून नेव्हिगेशन डेटाबेस चढलासुद्धा. तो लहान असतो, म्हणून निभावलं. खालच्या स्लॉटमध्ये कायम राहणारं टेरेन (जमिनीचा उंचसखलपणा) आणि अडथळ्यांचं कार्ड भरायला घेतलं, तेव्हा डिस्प्लेनं ते नाकारलं.

असं होतं कारण अशा कार्डाचा कंट्रोलरच खोटं बोलतो. आत खरी मेमरी ५१२ एमबी. ती संपली की तो थांबत नाही, पुन्हा पहिल्यापासून त्याच जागेवर लिहीत सुटतो. फाइलचं नाव आणि आकार शाबूत, आतला मजकूर मात्र गेलेला. डिस्प्ले डेटाची बेरीज तपासून पाहतो म्हणून बरं. अडथळा म्हणजे काय, हे जून २०२३ मध्ये पाडलेल्या साखर कारखान्याच्या चिमणीमुळे विमानाची वाट पाहत बसलेल्या सोलापूरकरांना सांगायला नको.

कार्ड हातात आलं की डेटा भरण्याआधी एचटूटेस्टडब्ल्यू हा कार्डावर लिहून ते परत वाचून पाहणारा विंडोज प्रोग्राम पूर्ण क्षमतेवर चालवा. ‘थोडंसं तपासू’ म्हणून १०० एमबीवर थांबलात तर खोटं कार्डही पास होतं. क्लास ४ च्या (सेकंदाला किमान ४ एमबी लिहिणाऱ्या) २ जीबी कार्डाला लिहायला साधारण आठ मिनिटं लागतात, वाचायचा वेळ वेगळा. लिनक्सवर एफ३ तेच काम करतं. लॅपटॉपच्या अंगच्या स्लॉटमध्ये कार्ड घातलं तर लिनक्स त्याचा सीएसडी रजिस्टरही (कार्डाच्या आतली त्याच्या प्रकाराची नोंद) दाखवतो: सुरुवात ०० ने झाली तर साधं एसडी, ४० ने झाली तर एसडीएचसी, स्टिकरवर काहीही छापलेलं असो. यूएसबी रीडरमधून हे दिसत नाही. सिरीयल नंबरही बघा. आमच्या सातही कार्डांचा एकच होता. सात वेगळ्या सीलबंद पाकिटांतून!

‘डेटा भरून देतो’ म्हणणाऱ्याला तर दारातूनच परत पाठवा. हा डेटा त्या त्या विमानाच्या सिस्टिम आयडीला बांधलेला असतो आणि नेव्हिगेशनचा दर २८ दिवसांनी बदलतो.

विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: ‘फॉरमॅट करून बघा.’ परत करायची मुदत तोवर संपलेली असते, कारण पहिला महिना कार्ड चालतं. म्हणून पाकीट फोडतानाचा व्हिडिओ आणि पहिल्याच दिवशीच्या तपासणीचा स्क्रीनशॉट ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करताना हेच उपयोगी पडतं. पैसे ऑनलाइन दिले असतील आणि विक्रेता गायबच झाला असेल, तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन लावा.