काचेची बरणी की प्लास्टिकचा डबा?

रिकामं झालेलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं, याचा निकाल सिंकपाशीच लावावा. माझं मत काचेकडे झुकतं. काच वास धरत नाही, तिखटाचा रंग धरत नाही, आत किती उरलंय तेही लांबून दिसतं. वास राहतो तो झाकणाच्या आतल्या रबरी पट्टीत, म्हणून झाकण वेगळं काढून उन्हात ठेवावं. लेबलाचा चिकटा तेल आणि खाण्याचा सोडा चोळून अर्धा तास ठेवला की बोटानेच सुटतो. गार बरणीत उकळतं पाणी मात्र ओतू नका, तडकते.

प्लास्टिक हलकं, पडलं तरी सहसा फुटत नाही. पण बूड उलटून त्रिकोणातला आकडा बघा, तो प्लास्टिकचा प्रकार सांगतो. 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, गरम पाण्याने धुतलं तरी चालतं. 1 म्हणजे पेट (PET), पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक. साधारण 70 अंशांपुढे ते मऊ पडून वेडंवाकडं होतं. असल्या बाटल्यांत मी खिळे, बटणं, बिया ठेवते. ओरखडे पडलेला डबा खाण्याच्या वस्तूंना नकोच, त्या चऱ्यांत तेल अडकून बसतं.

आणि झाकण हरवलेले? ते काचेचे काय नि प्लास्टिकचे काय, सारखेच निरुपयोगी. तरी माझ्या कपाटात सात आहेत.