फ्रेंच नामांचं लिंग: शेवटावरून ओळखावं की शब्दासोबतच पाठ करावं?

पणजीत नुकतंच फ्रेंच सुरू केलेल्या एका ताईंचा प्रश्न: नियम शिकू की प्रत्येक शब्द लिंगासकट पाठ करू?

मेहनतीत नियम सरळ पुढे. 'नासियों' (राष्ट्र) सारखे 'सियों'ने संपणारे शब्द स्त्रीलिंगी, 'व्वायाज' (प्रवास) सारखे 'आज'ने संपणारे बहुतेक पुल्लिंगी, हे एका संध्याकाळी वहीत उतरतं.

भरवसा मात्र कमी. इमाज (चित्र), पाज (पान), काज (पिंजरा), प्लाज ही स्त्रीलिंगी. आणि 'प्लाज' म्हणजे समुद्रकिनारा, गोव्यात तो शब्द पहिल्याच गप्पांत लागणार! रोजच्या छोट्या शब्दांना तर नियमच पुरत नाही: हात स्त्रीलिंगी, पाय पुल्लिंगी. मराठीवरून अंदाजही नको. आपलं टेबल नपुंसकलिंगी, त्यांचं स्त्रीलिंगी. घरात पोर्तुगीज असेल तर आणखी जपा: तिथे समुद्र पुल्लिंगी, फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी.

पाठांतर वेळ खातं, पण टिकतं. एक करा, 'ल', 'ला' (इंग्रजी 'द'ची पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी रूपं) यांच्याऐवजी 'अं', 'यून' ('एक'ची पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी रूपं) लावून पाठ करा. स्वरापुढे 'ल' आणि 'ला' दोन्ही आखडतात, त्यामुळे 'लेकोल' ऐकून शाळेचं लिंग कळत नाही. 'यून एकोल' म्हटलं की कळतं. दिवसाला दहा शब्द, तेही मोठ्याने, विशेषण जोडून: 'यून ग्रांद प्लाज' (एक मोठा किनारा).

पर्यटकांशी बोलायचं असेल तर पाठांतरच धरा. परीक्षेत लांबलचक उतारे वाचायचे असतील तर नियम आधी शिका, अपवाद मात्र 'अं', 'यून' लावूनच पाठ करा.